धरलेली जागा

बसमध्ये रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना लोक नावं ठेवतात. ठेवोत. मी दीड वर्ष रोज सकाळी आठ पन्नासच्या बसमध्ये रुमाल टाकला आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटली ती एकदाच, आणि नेमकी ज्या दिवशी वाटायला नको होती त्या दिवशी.

मी मनोहर. ऑफिसात मनोहरराव म्हणतात. वय अठ्ठावन्न, नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात हेड क्लार्क. बायको जाऊन सहा वर्षं झाली. घर इतवारीच्या बाजूला, म्हणून सकाळी मेट्रोनं शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं, खाली उतरायचं आणि तिथून वाडीची बस पकडायची. आमची मेट्रो खांबांवर, आणि बसगाड्या खाली खांबांच्या सावलीत उभ्या. माझा मुलगा जितेंद्र इंग्लंडात गेट्सहेड नावाच्या गावात नोकरी करतो, तिथं सगळं उलटं आहे. मेट्रो जमिनीच्या पोटात आणि बसस्टँड तिच्या डोक्यावर. त्यानं एकदा फोनवरून फिरवून दाखवलं होतं. लोक सरकत्या जिन्यानं गुमान वर येत होते आणि काचेच्या दाराशी रांग लावत होते. मी विचारलं, "जागा धरत नाही का रे कोणी?" तो हसला. "बाबा, इथं पिशवी ठेवून बाजूला गेलात ना, तर लोक आधी पोलिसांना बोलावतील."

आमच्याकडे तसलं काही नाही. मेट्रो लागली की अर्धा डबा जिन्यावरून धावत सुटतो, कारण वाडीची बस लहान आणि गोदामांत कामाला जाणारी माणसं मोप. मी पुढच्या डब्यात, जिन्याच्या अगदी समोर उभा राहायचो. या वयातही मी पहिल्या पाचांत बसमध्ये शिरायचो हे मी अभिमानानं सांगतो. खिडकीत मी बसायचो आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकायचो. कोणासाठी? कोणासाठीच नाही. मला शेजारी कोणी बसलेलं खपत नसे. कोणी विचारलं की "येत आहेत" म्हणायचं. बस सुटली की मग लोक आपोआप बसायचे, पण तेवढी दहा मिनिटं मोकळी मिळायची. माणूस एकटा राहिला की अशा खोडी लागतात.

जयवंताबाईंनी ती खोडी पहिल्याच दिवशी ओळखली. पन्नाशी ओलांडलेली बाई, उजवा गुडघा धरलेला, लेडीज डब्यातून उतरून लिफ्टनं सावकाश खाली यायची, त्यामुळे बसमध्ये शिरेपर्यंत सगळं भरून गेलेलं. ती माझ्या सीटशी येऊन उभी राहिली.

"कोनी हाये का इथं?"

"येत आहेत."

ती दांडा धरून थांबली. बस सुटली, चौक ओलांडला. तेव्हा ती म्हणाली, "तुमचा मानूस तं काई आला नाई. मी बसतो आता. रस्त्यात चढला तं उठीन."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. "आज तरी येऊन राह्यला का तुमचा मानूस?" तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण आवाजात होतं. मी रुमाल उचलला. आठ-दहा दिवसांनी मी रुमाल तिच्यासाठीच टाकू लागलो आणि "येत आहेत" हे वाक्य खरं झालं.

ती वाडीतल्या एका मोठ्या गोदामाच्या कँटीनमध्ये पोळ्या करायची. रोजच्या चारशे, उभ्यानं. म्हणजे दिवसभरात तिच्या गुडघ्याला काय सुख मिळायचं ते त्या बसमधल्या पंचवीस मिनिटांत. हे समजल्यावर मी ती जागा धरण्यासाठी लोकांशी भांडलोसुद्धा. एका धट्ट्याकट्ट्या लोडरला मी असा काही झापला होता की कंडक्टर म्हणाला, "काका, सीट विकत घेतली का गा तुमी?"

आम्ही काय बोलायचो? काही नाही. वांगी कशी दिली, वीज किती वेळ गेली, तिची नात पायल शाळेत कोणाला चावली. मी रोज खिचडी खातो हे ऐकून तिनं कपाळावर हात मारला आणि मला पाटोडीचा रस्सा करायला शिकवला, तीन दिवसांत, हप्त्याहप्त्यानं. पहिल्या दिवशी बेसन आलं, दुसऱ्या दिवशी वाटण, तिसऱ्या दिवशी फोडणी. रस्सा बिघडला. तिनं सगळी हकिकत विचारून घेतली आणि म्हणाली, "घाई केली तुमी." ती मला भाऊ म्हणायची, मी तिला बाई. मनात काय होतं ते आता लिहून टाकतो. मला ती आवडत होती. लग्नबिग्न असलं काही डोक्यात नव्हतं. सकाळी दाढी करताना मी त्या पंचवीस मिनिटांचा विचार करायचो, एवढंच. सहा वर्षांत दुसऱ्या कशाचा असा विचार केला नव्हता.

दसऱ्याच्या सुमाराला ती चार दिवस आली नाही. दीक्षाभूमीवर गावोगावहून येणाऱ्या लोकांसाठी त्यांच्या वस्तीचं भोजनदान असतं, तिथं पुऱ्या लाटायला होती. परत आल्यावर तिनं विचारलं, "तुमी कधी आले का तिकडं?" मी नागपुरात जन्मलो, अठ्ठावन्न वर्षं काढली, आणि एकदाही गेलो नव्हतो. मी "नाही" म्हणालो. तेव्हाच मी स्वतःकडे जरा नीट पाहायला हवं होतं.

मग जितेंद्रचं लग्न जुळलं. मुलगी भूमिका, तिचे वडील भैय्याजी इतवारीतले भांड्यांचे व्यापारी. मोठं घराणं, मोठा आवाज. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, बारा दिवस राहिले होते, तेव्हाची गोष्ट.

मी नेहमीप्रमाणे बसमध्ये शिरलो, खिडकीत बसलो, रुमाल टाकला. आणि दारातून भैय्याजी आत आले. त्यांचा काही माल आमच्या गोदामात अडकला होता, तो सोडवायला निघाले होते. इतवारीतून गाडी काढण्यापेक्षा मेट्रो बरी म्हणून असे आलेले.

"अरे, व्याहीबुवा! वा! ही कोनाची जागा?"

त्यांना काय, साधा प्रश्न. माझ्या डोक्यात मात्र एका क्षणात सगळं फिरून गेलं. एका बाईसाठी धरली आहे म्हणालो असतो तर कोण बाई, असं विचारलं असतं. नाव सांगितलं असतं तर आडनाव विचारलं असतं. आणि मग इतवारीत संध्याकाळपर्यंत झालं असतं, की जितेंद्रचे वडील विधुर माणूस, आणि बसमध्ये अमुक बाईसाठी रुमाल टाकून बसतात. हे सगळं मीच ठरवलं. भैय्याजी बिचारे नुसते उभे होते.

"कोणाचीच नाही. बसा ना," मी म्हणालो आणि रुमाल खिशात घातला.

दोन मिनिटांनी जयवंताबाई आल्या. गर्दीतून वाट काढत सवयीनं सरळ आमच्या सीटपाशी. त्यांनी भैय्याजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, मेट्रोचा खांब होता, त्यावर सव्वीस नंबर लिहिला होता.

बस सुटली. पहिल्या वळणावर बाईंचा तोल गेला, गुडघा दुमडला, त्यांनी दांडा घट्ट धरला. आणि भैय्याजी उठले.

"बसा माय, तुमी बसा. पायाले लागून राह्यलं दिसते."

"नाई साहेब, राहू द्या."

"अहो बसा म्हनतो ना! मी काय, दुकानात दिवसभर बसूनच असतो."

ज्या माणसाच्या भीतीनं मी रुमाल उचलला, तो माणूस उभा राहिला होता. मी बसलेला. बाई शेजारी बसल्या, अंग चोरून, पिशवी मांडीवर घेऊन. भैय्याजी दांड्याला लटकून त्यांच्याशी बोलू लागले. कुठे काम करता, किती पोळ्या करता, परात केवढी वापरता. परातीचा विषय निघाल्यावर तर त्यांना चेवच चढला. स्टीलची परात तापते, पितळेची जड होते, ॲल्युमिनियमच्या परातीला कणीक चिकटते, एकेक सांगत होते. नाव विचारलं. बाईंनी आडनावासकट सांगितलं. भैय्याजी म्हणाले, "आमच्या दुकानात गजभिये म्हनून मानूस हाये, वीस वर्षांपासून, लय इमानदार," आणि परत परातीवर आले. मी ज्याला डोंगर समजलो होतो तो एवढाच होता.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. उलट देवानं ताटात वाढून दिली होती. भैय्याजी माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "या रोज याच गाडीनं येतात म्हनतात. तुमची वळख असन?"

मी म्हणालो, "नाही बा. गर्दी राहते, कोणाकडे कुठं लक्ष जाते."

का म्हणालो? एकदा रुमाल उचलल्यावर आता ओळख सांगितली तर आधी का उचलला हे उघडं पडलं असतं. एक खोटं झाकायला दुसरं, शाळकरी पोरासारखं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. भैय्याजींनाच म्हणाल्या, "हाव ना साहेब. गर्दीत कुठं कोनाचे चेहरे ध्यानात राहते." मला सांभाळून घेतलं त्यांनी. शिवी दिली असती तर मला सोसली असती.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी रुमाल टाकत राहिलो आणि बस सुटेपर्यंत लिफ्टच्या दाराकडे पाहत राहिलो. फोन नंबर आम्ही कधी घेतला नव्हता, रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेतं? कँटीन कोणतं ते माहीत होतं, पण तिथं कोणत्या तोंडानं जाणार? साक्षगंध झालं, मी फेटा बांधून फोटो काढले. शेवटी तीन आठवड्यांनी कंडक्टरच म्हणाला, "काका, थ्या मावशी आता आठ दहाच्या गाडीनं जातात. काहून वाट पाहून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी मी लवकर निघालो आणि लिफ्टच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. दार उघडलं, बाई बाहेर आल्या. मला पाहून थांबल्या.

"बाई, चुकलं माझं."

"काय चुकलं, भाऊ?" त्यांनी खरंच विचारलं.

"रुमाल उचलायला नको होता."

"रुमाल तुमचा. उचला, नाई तं ठेवा. जागा तं मले त्या भल्या मानसानं देल्ली."

त्या बसकडे चालू लागल्या, मी बरोबर. उजवा पाय ओढत होत्या. या बसलाही गर्दी होती, दारातूनच उभी माणसं दिसत होती.

"चाळीस मिनिटं आधी येऊन करता काय?" मी विचारलं.

"कँटीन बंद राहते. पायरीवर बसतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यायनं तुमाले इचारलं, वळख हाये का म्हून. दीड वर्स मी तुमच्या बाजूले बसून गेली. हाव म्हनाले असते, तं काय झालं असतं?"

"काही झालं नसतं," मी म्हणालो. "आता कळतं. त्यांना तर काहीच वाटलं नसतं. मीच भ्यालो."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता. मला वाटलं, मिटलं. मनातून इतका हलका झालो की उद्यापासून आठ दहाच्या बसला यायचं, हेही ठरवून टाकलं. तेवढ्यात वर दुसरी मेट्रो लागली, खांब थरथरले, आणि माणसांचा लोंढा जिन्यावरून खाली येऊ लागला.

"एक इचारू?" त्या म्हणाल्या. "समजा आता त्या गाडीतून तुमचे व्याही उतरले, अन् म्हनाले, या कोन. काय सांगसान?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण त्याआधी मी वळून जिन्याकडे पाहिलं.

एवढंच केलं मी. जिन्यावर सगळी अनोळखी माणसं होती. मी परत वळलो तेव्हा त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

"कोनी नाई आलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "भेऊ नका."

मग त्यांनी दांडा धरला, उजवा पाय हातानं उचलून पायरीवर ठेवला आणि चढल्या. "मी नाव सांगीन," मी म्हणालो. चांगलं मोठ्यानं म्हणालो, चार जणांनी वळून पाहिलं. पण मध्ये माणसं शिरली होती, दार लागलं होतं, आणि आत त्या कुठे उभ्या होत्या ते मला खालून दिसलं नाही.