लाल काडी

तुंगशीच्या उतारावर पीचची फळं उतरून महिना झाला होता आणि झाडं नुसती माजली होती. या गरम डोंगरात पीचला दमणं माहीतच नाही. बोटाएवढ्या जाड हिरव्या फुटी सरळ वर सुटतात आणि आतल्या बारीक, लालसर काड्यांना ऊन मिळू देत नाहीत. पुढच्या वर्षीची कळी तर त्या लाल काडीवरच धरते. म्हणून जुलैत हिरवी कापायची, लाल राखायची. थिएनबाओंचा यात हातखंडा. शेजारचे बागवाले त्यांना न्यायला गाडी पाठवत.

त्यांची सून च्यूमेइ मागून कापलेलं गोळा करत होती. दुसऱ्या झाडाखाली तिने कवळ उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. सगळ्या लाल काड्या! सासऱ्यांना लाल-हिरवं ओळखू येईनासं झालं होतं.

"बाबा, जरा सावलीत बसता का?"

"का गं, कंबर धरली वाटतं? पंचाहत्तरीचा म्हातारा उभा आहे आणि सूनबाईंना सावली हवी!"

ती कसनुसं हसली. कात्री कशी धरायची हे ज्यांनी शिकवलं, त्यांना चुकताय म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार? पाचव्या झाडाशी तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जेवणवेळेपर्यंत अकरा झाडं उघडीबोडकी झाली.

भात आणि खारवलेली मोहरीची पानं खाऊन थिएनबाओ आडवे झाले, तशी ती चुन्याची बादली घेऊन पळाली. उघड्या फांदीची साल उन्हाने भाजून तडकते, तिला चुना फासावाच लागतो. पण गावात चुना दिसला की लोक समजतात, इथे कुणाचातरी हात चुकला. तिला रडू येत होतं, तरी ती फासत राहिली.

थिएनबाओ आले आणि थबकले. त्यांनी हवेत वास घेतला, फांदी चाचपली, बोटं नाकाशी नेली.

"चुना."

"ऊन फार आहे ना, बाबा, म्हणून..."

"किती झाडांना?"

"अकरा."

कात्री मिटून त्यांनी मुठीची बाजू तिच्याकडे केली. तिने धरली, पण त्यांनी सोडली नाही.

"तुला कितव्या झाडाशी कळलं?"

खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. "दुसऱ्या."

"मग दोन माझी," ते म्हणाले आणि त्यांनी कात्री सोडली. "उरलेली नऊ तू कापलीस."