न मोजलेला आठवडा

टेगनने नळीच्या तोंडावरचा गाळणीकागद चिमट्याने उचलला, डबीत ठेवला आणि झाकण लावल्यावरच मागे वळून पाहिले. तिचे वडील, डेस, गोठ्यातून थेट आले होते आणि दारात वाकून बूट काढत होते.

"असू दे, बाबा. लादीच आहे."

"नको. आमच्या शेणानं तुझा समुद्र नासायचा."

टास्मानियाच्या या टोकावरच्या केंद्रात ती समुद्रातून हवेत मिसळणारे गंधकाचे वायू मोजत असे. डॉक्टरेटनंतरची ही तिची पहिली नोकरी. मागच्याच आठवड्यात ती कायम झाली होती.

डेस खुर्चीच्या कडेवर टेकले.

"गुरुवारी सुनावणी आहे. लाकूड कंपनीचा वकील म्हणतो, त्यांनी तोडीनंतर उरलेलं जंगल पेटवलं तेव्हा धूर गावात आलाच नाही. तुझी आई दम्यानं गेली म्हणे, धुरानं नाही."

टेगन डबीवर तारीख लिहू लागली.

"ती खिडक्यांना ओले टॉवेल लावत होती, हे मी सांगीन. पण त्या वकिलाला धुराचा आकडा हवाय. त्या आठवड्याचा आकडा तुझ्याकडे असेल ना?"

"नाही."

"हवा मोजता ना तुम्ही?"

"समुद्रावरून येणारी. वारा गावाकडून आला की हवा खेचणारा पंप आपोआप बंद होतो. नाहीतर नमुना अशुद्ध होतो."

डेस तळहातावरचे घट्टे चोळत राहिले.

"म्हणजे आम्ही जगतो ती अशुद्ध. आमचा वारा आला की तुमचं यंत्र नाक दाबून बसतं."

"पूर्वी बंद होत नसे. सगळं मोजून मग गावाकडच्या वाऱ्याचे तास वगळायचे."

"मग ही अक्कल कुणी चालवली?"

पंप बंद करण्याचा नियम धुराच्या महिनाभर आधी टेगननेच लिहिला होता. जे आकडे वगळायचेच, त्यांच्यासाठी गाळण्या का वाया घालवायच्या, हा तिचा मुद्दा बिनचूक होता. नोकरी कायम करताना वरिष्ठांनी त्याचाच उल्लेख केला होता.

"मुख्य कचेरीनं," ती म्हणाली.

"वाटलंच. इथं राहिलेल्या माणसाला हे सुचणार नाही." डेस उठले. "तूच ये गुरुवारी. मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारा काहीही बरळतो. आकडा का नाही, पंप कुणी बंद करायला लावला, हे तू शपथेवर सांग. तुझं ऐकतील. येशील ना?"

टेगनने लेखणीला टोपण लावले.

"किती वाजता?" तिने विचारले.