चौथा चौकोन

"चौथा चौकोन रिकामा आहे. घेऊन जा," म्हणत ग्रंथपाल बाईंनी कागद परत सरकवला. शाळेची घंटा रोज किती मिनिटं उशिरा वाजते, हे शोधून आणलेल्या मुलाचं तोंड एवढंसं झालं.

"पण बाई, मला सगळं सापडलं."

"सगळं कधीच कुणाला सापडत नाही. काय राहिलं ते बघ, मग ये."

शुक्रवारचा शेवटचा तास शोधाचा. सातवीतल्या प्रत्येकाने स्वतःचा प्रश्न निवडायचा, पंधरा दिवस त्याच्या मागे लागायचं आणि बाईंनी आखलेल्या कागदावरचे चार चौकोन भरायचे: माझा प्रश्न, कुठे शोधलं, काय सापडलं, काय सापडलं नाही. बाई स्वतः उत्तर कधीच देत नसत. फार तर कपाटाकडे बोट दाखवत, आणि प्रश्न माणसांबद्दल असला तर म्हणत, "मग पुस्तकात कशाला डोकं घालायचं? त्या माणसालाच विचार." अर्धी शाळा त्यांना खडूस म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. निदान मुलांसमोर तरी.

वर्ग पांगल्यावर सगळ्यांत शेवटी पेन्सिल आली. कानामागे कायम पेन्सिल खोचलेली असायची म्हणून मुलांनी तिला हे नाव ठेवलं होतं. नाव ठेवण्यापलीकडे त्यांनी तिची फारशी दखल घेतली नव्हती.

बाईंनी चष्मा सावरून वाचायला सुरुवात केली. मधल्या सुट्टीत एकटं कोण जेवतं, असा तिचा प्रश्न होता. दुसऱ्या चौकोनात लिहिलं होतं, 'रोज मैदानाला एक फेरी. नंतर पाण्याच्या टाकीजवळची पायरी. तिथून सगळं दिसतं.' तिसऱ्यात बारीक रेघांची नीट यादी होती. पहारेकरी काका, चार दिवस. सहावीतली नवी मुलगी, तीन दिवस, मग तिला मैत्रीण मिळाली. चित्रकलेचे सर, घसा बसला होता तेव्हा दोन दिवस. ग्रंथपाल बाई, बारापैकी बारा.

चौथा चौकोन कोरा होता.

"तो भरायलाच थांबलेय," पेन्सिल म्हणाली. "तुम्हीच सांगता ना, माणसालाच विचार. बाई, तुम्ही एकट्या का जेवता?"

"सुट्टीत ग्रंथालय उघडं ठेवावं लागतं. मुलं येतात." हे उत्तर बाईंच्या जिभेवर तयारच होतं.

मुलीने कानामागची पेन्सिल काढली, पण लिहिलं काहीच नाही.

"बारा दिवसांत दोघं आले, बाई. त्यातला एक चेंडू शोधायला आला होता."

बाईंना हसू आलं आणि ते अर्ध्यातच अडकलं. पोरीला हे वळण त्यांनीच लावलं होतं, आता तक्रार कुणाकडे करणार? त्यांनी शाईचा शिक्का उगाचच डावीकडून उजवीकडे ठेवला. टाळता आलं असतं. पण मग आजवर परत केलेल्या कागदांना काय अर्थ उरला असता?

"शिक्षकांच्या खोलीला रंग देत होते," त्या म्हणाल्या. "म्हणून चार दिवस डबा इथे आणला. रंग वाळला. मग मला बोलवायला कुणी आलं नाही."

"कधीची गोष्ट?"

"नऊ वर्षं झाली."

दर रविवारी फोन करणाऱ्या सख्ख्या बहिणीलाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटलं नव्हतं. आता मात्र ते एका बारा वर्षांच्या पोरीसमोर तोंडातून निघावं याचा त्यांना राग आला.

पेन्सिलने थोडा विचार केला.

"कुणी बोलवायला आलं नाही, की तुम्हीच गेला नाहीत?"

बाईंनी शिक्का परत डावीकडे ठेवला.

"माहीत नाही."

मुलीने तेच दोन शब्द चौथ्या चौकोनात सुवाच्य अक्षरात लिहिले. "झाला पूर्ण," ती समाधानाने म्हणाली.

"नाही झाला. यादीत एक नाव राहिलंय. टाकीजवळच्या पायरीवर कोण बसतं?"

"मी. पण मला कसं धरणार? मी मोजत असते. मला काम असतं ना, बाई."

हे उत्तर बाईंच्या चांगलंच ओळखीचं होतं. त्यांनी कागद घडी न घालता खणात ठेवला.

"पडताळणी राहिलीय. एकाने मोजलेलं दुसऱ्याने तपासावं लागतं. सोमवारपर्यंत कागद माझ्याकडे."

सोमवारी मधल्या सुट्टीची घंटा चार मिनिटं उशिरा वाजली. बाईंनी टेबलावर चिठ्ठी ठेवली, 'ग्रंथपाल पडताळणीसाठी बाहेर', दार उघडंच ठेवलं आणि डबा घेऊन त्या निघाल्या. नऊ वर्षांनी भर सुट्टीत मैदान ओलांडताना पावलं कशी टाकायची हेच त्यांना सुचेना. दोन मुलं खेळ थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली.

पायरी रिकामी होती. फेरी मारून येईल, असं म्हणत बाई टेकल्या आणि डबा मांडीवर ठेवून समोर पाहू लागल्या.

तिथून सगळं दिसत नव्हतं. टाकीआड जवळजवळ सगळं मैदान गेलं होतं, आणि व्हरांडा भिंतीआड. नीट दिसत होती ती एकच गोष्ट: ग्रंथालयाची खिडकी, आत बाईंचं टेबल आणि खुर्ची.

बाई बघत राहिल्या. मुलीने बारा दिवस इथे बसून डबा खाल्ला होता, आणि त्या तिकडे.

मग खिडकीत कुणीतरी हललं. कानामागे पेन्सिल, छातीशी धरलेला डबा. मुलगी टेबलावरची चिठ्ठी वाचत होती. वाचून झाल्यावर ती रिकाम्या खुर्चीशेजारी तशीच उभी राहिली.

बाईंनी हात वर केला. मुलीला तो दिसला नाही. दिसेपर्यंत हात वर धरून ठेवावा, की ती आपणहून इकडे येईल म्हणून थांबावं?

त्या डबा घेऊन उठल्या आणि खिडकीच्या दिशेने भराभर चालू लागल्या.