बिनगुलाच्या काड्या

मी एक जुनी आगपेटी आहे. आगपेटी आणि तीही जुनी, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. आमच्या जातीला म्हातारपण ठाऊक नसते. दुकानातून चुलीपाशी यायचे आणि पंधरा दिवसांत रिकामे होऊन केरात जायचे, एवढाच आमचा जन्म. मला मात्र नऊ वर्षे झाली आहेत, आणि माझ्या एकाही काडीने अजून चूल पाहिलेली नाही. असे का, हे कोडे मलाही सुरुवातीला सुटत नव्हते.

आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वताच्या उतारावर केळीच्या बागांमध्ये ओरोनी नावाचे गाव आहे. तिथल्या दवाखान्यातल्या युस्ता सिस्टरने मला नाक्यावरच्या दुकानातून आणले. मला वाटले, आता चहाचे आधण चढेल. पण तिने मला टेबलावर उपडे केले, ब्लेड घेतले आणि माझ्या काड्यांची गुले एकेक करून उडवली. मित्रांनो, आगपेटीचा याहून मोठा अपमान नाही. मी मनातल्या मनात तिला वाटेल ते बोलले. तरी माझे कुतूहल रागाहून मोठे होते. बिनगुलाच्या काड्यांचे ही बाई करणार तरी काय?

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले. एक आजोबा खुर्चीत बसले होते. सिस्टरने त्यांना तीन शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला सांगितले. मग चार काड्या आजोबांना दिल्या आणि चार स्वतःपुढे मांडल्या. तीन पंख्यासारख्या, आणि खाली एक आडवी.

"आजोबा, आता तुमच्या काड्यांनी अस्सं मांडा बघू."

"त्यापेक्षा एक काडी ओढा ना सिस्टर. विडी आहे माझ्याकडे."

"आधी मांडा, मग बोला."

आजोबांनी झटक्यात मांडल्या. "झालं? एवढ्यासाठी तीन वर्षं शिकायला गेला होतात?" असे म्हणून त्यांनी तिन्ही शब्दही घडाघडा सांगितले. सिस्टर हसली आणि तिने वहीत बरोबरची खूण केली.

हळूहळू मला सारे उमगले. म्हातारपणी काही जणांच्या मेंदूला एक आजार जडतो आणि माणूस विसरू लागतो. तो लवकर ओळखायचा, तर तपासणी हवी. मोठ्या इस्पितळात त्यासाठी कागद-पेन्सिल देऊन घड्याळाचे चित्र काढायला लावतात. पण जिने जन्मात पेन्सिल धरली नाही ती आजी पेन्सिल पाहूनच गांगरते, आणि तिची बुद्धी धड असूनही ती नापास होते. काडी मात्र इथे सगळ्यांच्या हाताला ठाऊक असते. म्हणून मी! हे कळल्यावर माझा राग कुठल्या कुठे पळाला. चहा उकळणे कोणीही करील.

ती माझी ऐन उमेदीची वर्षे होती. दर गुरुवारी मी टेबलावर असे. किती तऱ्हेची बोटे पाहिली मी! एका काकूंना काड्या अचूक जमल्या, पण शब्द एकही आठवेना. सिस्टरने कानात बॅटरी मारून पाहिले, तर मळाचा बोळा. त्यांनी शब्द ऐकलेच नव्हते! दुसऱ्या एका बाईंचे विसरणे नवरा गेल्याच्या दुःखाचे निघाले, तिसऱ्यांचे अंगात रक्त कमी असल्याचे. सिस्टर नेहमी म्हणे, "काड्या फक्त दार ठोठावतात. आत कोण आहे ते आपणच जाऊन बघायचं." मी मान डोलावत असे, म्हणजे डोलावली असती.

पण पुढे दवाखान्यात गर्दी वाढली. तापाची रांग, लसीकरणाची रांग, बाळांची वजने. प्रत्येक रोगासाठी मोठ्या वहीत रकाना होता, विसरण्यासाठी नव्हता. ज्याला रकाना नाही ते काम मागे पडते. एका गुरुवारी मी टेबलाच्या खणात गेले, माझ्यावर जुन्या वह्या पडल्या, आणि मला तिथून कोणी काढलेच नाही. मी कान देऊन पडून राहिले. दुसरे करणार काय?

तिथेच मला आइकांदे आजी भेटली, म्हणजे तिचा आवाज भेटला. महिन्यातून एकदा ती बीपीच्या गोळ्या न्यायला येई. आमच्या गावात ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय कोणी कामाचे बोलत नाही, आणि म्हातारे माणूस विचारत असताना मध्येच तोंड घालणे म्हणजे उद्धटपणाची कमाल. आइकांदे आजीची ख्यालीखुशाली तर नावाजलेली.

"सकाळ कशी उजाडली लेकी?"

"छान आजी."

"घरची मंडळी?"

"छान."

"गाय? वासरू? केळीला घड धरले का? आणि तुझ्या हातांची कामं?"

"सगळं छान आजी. तुमचं?"

"देव चालवतो, आपण चालतो!"

एक शब्द इकडचा तिकडे नाही. सिस्टर खूश होऊन म्हणे, "आजी, तुम्ही तर माझ्यापेक्षा खणखणीत!" आणि गोळ्या देऊन पुढच्याला हाक मारी. असे वर्षभर चालले. मला मात्र आत एक गोष्ट खटकू लागली. आजी सगळ्यांची चौकशी करी, पण नाव कोणाचेच घेत नसे. आणि एकदा गोळ्या घेऊन बाहेर गेलेली आजी थोड्या वेळाने परत आत आली, आणि पुन्हा तितक्याच गोडीने म्हणाली, "सकाळ कशी उजाडली लेकी?" सिस्टरला ती थट्टा वाटली. सगळे हसले. मला ओरडावेसे वाटले, पण आगपेटीला तोंड कुठले?

मग एका गुरुवारी आजीबरोबर तिची सून अनाएली आली. तिने गोळ्यांची पाकिटे टेबलावर आपटली.

"सिस्टर, ही औषधं तुमच्यापाशी ठेवा. उद्या मी पोरांना घेऊन माहेरी जाते."

"अगं, झालं काय?"

"काय व्हायचं राहिलंय! पुतणीच्या लग्नाची बिअर सासूबाईंनी केली. चाळीस वर्षं गावातलं एक लग्न यांच्या केळ्याच्या बिअरशिवाय झालं नाही. परवा मडकी नवरीच्या घरी गेली आणि तशीच परत आली. कडू जहर! बिअरमध्ये झाडाची कडू साल घालतात ना, तिचे तुकडे दोनदा पडलेत त्यात. आणि या चारचौघांत म्हणाल्या, सुनेनं मुद्दाम टाकले. माझी बिअरची नाचणी चोरते, मला मारायला टपलीय, असंही म्हणाल्या. आता बायका मला बघून वाट बदलतात. कोणी म्हणतं मी करणी केली, कोणी म्हणतं म्हातारीच चेटकीण झालीय. यांनी माझी माफी मागेपर्यंत मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही."

आजी शेजारी शांतपणे बसून होती, जणू गोष्ट दुसऱ्याच कोणाची चालली होती.

सिस्टरने पाकिटे उघडली. महिन्याच्या गोळ्या दहा दिवसांतच जवळजवळ संपल्या होत्या. तिने उरलेल्या मोजल्या. मग आजीकडे वळली. आजीने लगेच सुरुवात केली. "सकाळ कशी उजाडली लेकी? घरची मंडळी?" त्या दिवशी युस्ता सिस्टरने जन्मात केला नव्हता तो उद्धटपणा केला. तिने आजीला मध्येच थांबवले.

"आजी, माझं नाव काय?"

"घ्या! स्वतःचं नाव विसरली पोरगी!" आजी खळखळून हसली.

"सांगा ना."

"आईबापांनी ठेवलं तेच असेल की!"

बाहेरच्या रांगेतले लोकही हसले. सिस्टर हसली नाही. तिने खण ओढला, वह्या बाजूला सारल्या आणि मला वर काढले. इतक्या दिवसांनी उजेड पाहून मला आनंद व्हायला हवा होता. पण माझे सारे लक्ष आजीच्या बोटांकडे लागले.

तिने काड्या मांडल्या आणि आजीपुढे चार ठेवल्या. आजीने काड्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग एक काडी उचलून तिने मला डाव्या हातात घेतले आणि माझ्या कडेवर ती ओढली. पुन्हा ओढली. काडी उलटी करून ओढली. त्या काडीला गूल नाही, हे तिच्या ध्यानातच येईना.

"दमट झाल्यात गं," ती हळूच म्हणाली. "अनाएली, चुलीवर जरा शेकव यांना. पोरं भुकेली असतील."

मित्रांनो, त्या खोलीत तिने घेतलेले ते पहिले नाव होते. जिला चोर म्हटले, तिचेच. अनाएलीने तोंडावर पदर घेतला. मगाचा तिचा राग मी खणातून ऐकला होता. आता तिचे रडणे ऐकले. "यांना खरंच कळत नाहीये," ती म्हणाली. "आणि मी वर्षभर भांडतेय यांच्याशी!"

"तू एकटी नाहीस," सिस्टर म्हणाली. "मी वर्षभर नुसत्या ख्यालीखुशालीला भुलले. ती तोंडपाठ असते. मी तेवढ्यावर यांना पास करत होते."

पुढचे काम संथ होते. सिस्टरने रक्त तपासले, कान आणि डोळे पाहिले, मग जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी सांगितले की हा मेंदूचाच आजार आहे, तो बरा होत नाही, हळूहळू वाढतो. पण आजी अजून सुरुवातीच्या पायऱ्यांवर आहे. गोळ्या अनाएलीने आपल्या हाताने द्यायच्या, बीपी ताब्यात ठेवायचे, आजीशी वाद घालायचा नाही. रविवारी सिस्टर स्वतः चर्चच्या बायकांमध्ये जाऊन बसली आणि तिने ठणकावून सांगितले, "करणी नाही, चेटूक नाही. आजार आहे. उद्या तुम्हालाही होऊ शकेल, मलाही होऊ शकेल." त्यानंतर दोघीतिघी आळीपाळीने आजीजवळ बसायला येऊ लागल्या.

सिस्टरने आजीलाही विचारले, तिला काय हवे. एका शांत सकाळी आजी बराच वेळ विचार करून म्हणाली, "बिअर मीच ढवळीन. आणि मला खोलीत कोंडू नका. बाकी तुम्ही बघा."

पण माफीचे काय? अनाएली महिन्याने गोळ्या न्यायला आली, तेव्हा ते कळले. आमच्याकडे ज्याचे चुकले तो कुंपणावरच्या, 'मसाले' म्हणतात त्या लांब पात्यांच्या झुडपाचे पान तोडतो, त्याला गाठ मारतो आणि समोरच्याच्या हातात देतो. ते पान घेतले की भांडण मिटले. नाही म्हणता येत नाही.

"सासूबाई कशाला पान आणतील? त्यांना भांडणच आठवत नाही," अनाएली सांगत होती. "मग मीच तोडलं. मीच गाठ मारली आणि त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी ते माझ्यापुढे धरलं. हातांना ठाऊक होतं हो, सिस्टर. मी घेतलं."

सिस्टरने मोठी वही पुढे ओढली. मग तिने पट्टी ठेवून विसरण्यासाठी एक नवा रकाना आखला.

आता मी पुन्हा दर गुरुवारी टेबलावर असते. माझी कड झिजली आहे, एक बाजू चिकटपट्टीने जोडलेली आहे, पण माझी तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी तेच तेच पुन्हा विचारू लागले, हातखंडा काम बिघडवू लागले, विनाकारण संशय घेऊ लागले, तर 'वयच झालं' म्हणून हसू नका आणि भांडूही नका. त्यांना जवळच्या दवाखान्यात घेऊन जा, आणि लवकर जा. लवकर गेलात, तर पुढे आपल्याला कसे सांभाळावे, हे ते तुम्हाला स्वतःच्या तोंडाने सांगू शकतील.