सातव्या प्रश्नातलं नाव

बाईंनी फॉर्म टिकलीपुढे सरकवला आणि सातव्या प्रश्नावर पेन आपटलं.

"हे काय लिहिलंयस?"

"शून्य," टिकली म्हणाली.

ते बाईंनाही दिसत होतं. प्रश्न सरळ होता : दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या संस्कृतीतल्या किती व्यक्तींशी तुमचा नेहमीचा संबंध आहे? त्यांची नावे लिहा. डॉक्टरांच्या मुलाने चौदा नावं लिहिली होती. त्यातली निम्मी सुट्टीत उतरलेल्या हॉटेलांमधल्या माणसांची असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पण वर्षभर परदेशी शिकायला शाळेतून एकच जण जाणार होता आणि सातव्या प्रश्नात शून्य असलेला फॉर्म पुढे कोणी वाचतही नाही. पाच वाजता कारकून गठ्ठा घेऊन जाणार होता. पाचाला वीस मिनिटं कमी होती.

बाईंचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. फॉर्मच्या माथ्यावर छापलेलं, जागतिक क्षमता म्हणे! ही मुलगी शेजारणीची भाषा घडाघडा बोलते. परदेशातून वर्गात नवीन आलेली मुलगी चार दिवस तोंड उघडेना, तेव्हा तिची भाषा येत नसतानाही हिनेच तिला बोलतं केलं. त्यासाठी फॉर्ममध्ये कुठेही जागा नव्हती.

"तुझ्या शेजारच्या काकू दुसऱ्या देशातल्या ना?"

"हो."

"मग?"

"पण त्या काकू आहेत, बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं, आई कामावरून येईपर्यंत रोज त्यांच्याकडे असतेस तू. नऊ वर्षं. हा संबंध नाही?"

"संबंध आहे ना. पण इथे दुसऱ्यांबद्दल विचारलंय. आमच्या घराची किल्लीसुद्धा त्यांच्याकडेच असते."

"खरंय गं बाई सगळं. पण यांना असंच लागतं. लिही, एक. नाव काय त्यांचं?"

टिकलीने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"माहीत नाही. आम्ही काकूच म्हणतो."

बाईंना रडू यायचं तेवढं बाकी होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत ज्या एका मुलीला जाताना बघावं असं वाटलं, ती शेजारणीच्या नावापाशी अडली होती.

"आता येतीलच त्या फाटकाशी," टिकली म्हणाली. "मला न्यायला."

बाई फॉर्म घेऊन तरातरा जिना उतरल्या. टिकली मागोमाग.

फाटकाशी बुटक्याशा काकू भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. टिकलीला बघून हसल्या. बाईंना धाप लागली होती. चार शब्द बोलणं राहूनच गेलं.

"तुमचं पूर्ण नाव सांगा," फॉर्मवर पेन टेकवत त्या म्हणाल्या.

काकूंचं हसू गेलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, भाजीखाली कोपरापर्यंत हात घातला आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले. राहण्याचा परवाना. कामाचा परवाना. तारीख अजून संपलेली नाही, हे त्या बोट ठेवून दाखवू लागल्या.

"अहो, नाही, तसं काही नाही," बाई म्हणाल्या. काकूंनी पुढचा कागद उलगडला.

नाव पहिल्याच कागदावर ठळक छापलेलं होतं. नुसतं उतरवून घ्यायचं. टिकलीनेही ते वाचलं. मग तिने काकूंच्या मनगटावर हात ठेवला, त्यांच्या भाषेत हळू काहीतरी बोलली आणि बाईंकडे वळली.

"शून्यच राहू द्या, बाई."

वरून कारकुनाची हाक आली. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"घाबरू नका म्हटलं. बाई आपल्याच आहेत."

काकूंनी मान डोलावली. बाईंकडे बघून थोडं हसल्याही. कागद मात्र त्यांनी हातातच ठेवले.