आईने उघडलेलं दार

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या धाकटीला स्वतःच्या घरात काय चाललंय ते मात्र दिसेना. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तिने हे दोन खोल्यांचं घर घेतलं आणि दाराला फोनवरून उघडणारं कुलूप बसवलं. किल्लीची कटकटच नको! तरी कामावरून परतावं तर टॉवेल ओला, उशी भलतीकडेच, आणि कपाटातले कपडे रंगांप्रमाणे लावलेले. ही खोड एकाच माणसाची, तिच्या नवऱ्याची. चोरीला काहीच गेलं नव्हतं, मग तक्रार तरी कसली करणार? तिची झोप उडाली.

दादाने, म्हणजे तिच्या भावाने, लगेच अक्कल पाजळली. "बिनतारी कुलपं म्हणजे नुसता देखावा! हवेतून सिग्नल पकडतात गं. खाली गाडीत बसून दार उघडता येतं." मग कुलपाचे आकडे बदलले, वायफायचा पासवर्ड बदलला, कंपनीला फोन लावून कान किटेपर्यंत त्यांचं संगीत ऐकलं. दोनच दिवसांत कपडे पुन्हा रंगांप्रमाणे.

एका दुपारी डोकं दुखतंय म्हणून ती लवकर घरी निघाली आणि जिन्याच्या वळणावरच थबकली. वर तिच्या दारात नवरा उभा होता, फोन स्पीकरवर ठेवून.

"आई, पुन्हा त्रास देतोय. माझे थोडे कागद आत राहिलेत."

"त्रास कसला, जावईबापू! असे दारात ताटकळू नका. उघडते हं."

कुलूप खटकन उघडलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या स्वयंपाकघरात बसून आईने ते उघडलं होतं. अडीअडचणीला असावं म्हणून धाकटीनेच ती सोय आईच्या फोनमध्ये करून दिली होती. आवाज न करता ती खाली उतरली आणि रस्त्यावरूनच आईला फोन लावला.

"अगं, जावयाला दारात उभं ठेवायचं? बरं दिसतं का ते?" आई म्हणाली. "आणि तुमचं पुन्हा जुळेल असं वाटत होतं मला. तुला सांगितलं असतं तर भांडली असतीस."

धाकटी भांडली नाही. तिने कुलपातून आईचं नाव काढून टाकलं. काढताना रडू आलं, तरी काढलं.

रविवारी बेल वाजली.

"अगं, मीच आहे!" बाहेरून आईचा आवाज आला.

धाकटीने कडीला हात घातला, आणि दाराच्या भिंगातून आधी आईच्या मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं.