विरघळणारा हिरा

करावे गावच्या देवळापुढचा मांडव सकाळपासूनच माणसांनी फुलला होता. सीवूड्सच्या टॉवरमधली गाडीवाली मंडळी पुढे खुर्च्यांवर, गावकरी मागे सतरंजीवर. व्यासपीठावर वज्रानंद महाराज बसले होते. अंगावर रेशीम, चेहऱ्यावर तुपकट हसू आणि चिमटीत सुपारीएवढा लखलखता हिरा.

"भक्तहो, हा इंद्राच्या वज्राचा तुकडा! हिमालयातल्या गुहेत गुरूंनी दिला. अमेरिकेचे सायंटिस्ट तपासायला आले होते. म्हटलं, बाळांनो, नका! मशिनी जळून जातील तुमच्या!"

समोर काचेच्या मोठ्या वाडग्यात 'वज्ररस' होता. महाराजांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि हिरा आत सोडला. रसात शिरता शिरता तो दिसेनासा झाला. ना फेस, ना गाळ. वाडगा आरपार स्वच्छ.

"विरघळला!" मांडवभर हात जोडले गेले.

"कुणी हात घालू नका, हाडं वितळतील!" पट्टशिष्य ओरडला आणि त्याच रसाच्या बाटल्या दुखऱ्या अंगाला चोळायला वाटू लागला. रसानं हाडं वितळतात, मग कातडी कशी बरी होते? हा प्रश्न त्या शिकल्यासवरल्या गर्दीत एकालाही पडला नाही.

मागे उभ्या असलेल्या सुचिताला पडला. ती बेलापूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची. माहेरी धावत आली होती ती आईसाठी. राहीबाईंना साखरेचा आजार, त्यात पायाच्या बोटाला जखम. 'सुई टोचली की वज्राची शक्ती गळते' असं महाराजांनी सांगितल्यापासून त्यांनी इन्सुलिन बंद केलं होतं.

घरी सुचितानं आईच्या पायाची पट्टी सोडली. "आई, बोट काळं पडतंय. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल."

"तू चार बुकां शिकलीस म्हून देवाला शिकवशील? हिरा इरगलला, मी माज्या डोल्यांनी बगला."

धाकटा भाऊ मिथुन सोफ्यावर रेलला होता. जमीन गेली, बिल्डिंगा आल्या, भाडी येत होती. हाताला काम नव्हतं, बोटात मात्र हिऱ्याची अंगठी होती. "ताई, टेन्शन नको घेऊ. बाबा पावरफुल हाय. हिरकणी चाटली की माणूस मरतो ना? तेच विष बाबा रसात उतरवतो. विषानंच विष मरतं."

"कुणी सांगितलं हिऱ्यात विष असतं? हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, कोळशाचा सख्खा भाऊ. जमिनीच्या पोटात दाबानं आणि उष्णतेनं घडलेला. त्यात विष नाही, औषधही नाही. आणि हिमालयातली गुहा कसली? शेकडो वर्षं जगाला हिरे दिले ते कृष्णाकाठच्या खाणींनी. गोवळकोंड्याच्या बाजारातून जायचे. पुढे ब्राझीलमध्ये सापडले, तोवर हिरा म्हटलं की हिंदुस्थानच! ते मजुरांनी चिखल उपसून काढले रे, कुठल्या गुरूनं प्रसाद म्हणून नाही वाटले."

"तू नि तुजं लेक्चर," म्हणत मिथुन उठून गेला.

सुचितानं बाटलीतला रस बोटांवर घेतला. चिकट. तिला शंका आली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं काचेची कांडी त्या रसात बुडवली. बुडलेला भाग नाहीसा झाला. तिला हसू यायला हवं होतं, आला तो संताप. इतकी भिकार युक्ती, आणि तिच्यापायी आईचा पाय!

तिनं आईला गळ घातली. "मी खोटी ठरले तर पुन्हा तोंड उघडणार नाही. महाराज खोटा ठरला, तर मांडवातून सरळ हॉस्पिटल."

राहीबाई कुरकुरत तयार झाल्या.

दुसऱ्या दिवशीही महाराजांनी हिरे विरघळवले, मांडव डोलला. मग सुचिता व्यासपीठावर चढली. "महाराज, माझ्या भावाच्या अंगठीत खरा हिरा आहे. तोही विरघळवा."

मिथुनचा चेहरा पडला. "ताई, येडी झालीस काय?"

"का रे? बाबा पावरफुल आहे ना?"

लोक हसले. लाजेकाजेस्तव त्यानं अंगठी काढून दिली.

"संसारी हिरा अशुद्ध असतो, त्यात शक्ती..." महाराजांचं वाक्य पुरं व्हायच्या आत अंगठी वाडग्यात पडली. तळाशी तिचा हिरा छान चमकत राहिला. मग सुचितानं काचेची कांडी सोडली. ती मात्र बघता बघता गायब झाली.

मांडवात कुजबुज उठली. सुचितानं बाही वर केली, तसा पट्टशिष्यानं तिचं मनगट धरलं. "हाडं वितळतील!"

"माजी हाडां गेली तं जांव दे!"

राहीबाई लंगडत पुढे आल्या होत्या. खाडीच्या चिखलात आयुष्यभर खेकडे चाचपलेला तो हात कोपरापर्यंत वाडग्यात गेला, तळ धुंडाळून वर आला. मुठीत महाराजांचे सगळे 'विरघळलेले' हिरे होते, आणि कांडीसुद्धा.

"इरगलला म्हंता?" त्यांनी मूठ महाराजांसमोर उघडली. "ह्यो बगा! माजा पाय सडवलास रं मेल्या!"

"ही काच आहे," सुचिता म्हणाली, "आणि रस म्हणजे ग्लिसरीन. दोन्ही प्रकाशाला जवळपास सारखंच वाकवतात, म्हणून काचेची कड डोळ्याला दिसत नाही. खरा हिरा प्रकाशाला कितीतरी जास्त वाकवतो, म्हणून अंगठीतला दिसतोय. यात मंत्र नाही, दुकानात मिळणारी बाटली आहे."

महाराजांना एकाएकी समाधीची वेळ झाल्याचं आठवलं. ते मागच्या पडद्याकडे सरकले, पण तिथे मिथुन उभा होता. पोलीस येईपर्यंत त्यानं इंद्राच्या त्या वारसदाराला हलू दिलं नाही. पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी गाड्यांकडे जाताना एकमेकांना सांगत होती, "मला तर पहिल्यापासूनच डाउट होता." कालच्या बाटल्या त्यांनी पिशवीत खोल दडवल्या होत्या.

राहीबाईंचं बोट कापावं लागलं. पाय वाचला. आणखी थोडा उशीर झाला असता तर तोही गेला असता, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मिथुन कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून रडला. आता आईला इन्सुलिन तोच देतो.

चमत्काराशिवाय नमस्कार नाही, असं आपण म्हणतो आणि तिथेच फसतो. नमस्काराआधी विचारा: हे कसं झालं? पुन्हा करून दाखवता? मी हात लावून बघू? जो 'हात लावू नका' म्हणतो, त्याच्या वाडग्यात आधी हात घाला. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणाच्याही मंत्रासाठी बंद करू नका. फसवणाऱ्याची हाडं शाबूत राहतात. कापलं जातं ते आपलं बोट.